खिडकीवर काय लावावे? भारतीय घरातील ऊन, वारा आणि नजर यांचा इतिहास

घर बांधून किंवा भाड्याने घेऊन झाले की खिडकीला काय लावायचे हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो आणि बहुधा कापडाचा रंग पाहून सोडवला जातो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो जरा वेगळ्या रीतीने विचारायला हवा. खिडकीवरच्या आडोशाने काय अडवायचे होते आणि काय आत येऊ द्यायचे होते? तो आडोसा भिंतीच्या बाहेर होता की आत? आणि तो रोज उघडायला, मिटायला, भिजवायला कोणाचे हात लागत होते?

या पाठात आपण भारतातील काही मोजकी उदाहरणे पाहणार आहोत. त्यांतून एक गोष्ट दिसते. अनेक शतके आपल्याकडे उन्हाचा बंदोबस्त खिडकीच्या बाहेर किंवा खिडकीच्या चौकटीतच होत असे. खिडकीला काच आली तसा आडोसा हळूहळू काचेच्या आत सरकला, आणि त्याच्याबरोबर ऊनही आत आले.

प्रथम शब्द पाहू, कारण वस्तू कोणत्या वाटेने आली हे शब्द सांगतात. बंगालीतील ‘जानाला’ आणि तमिळमधील ‘जन्नल’ हे खिडकीचे रोजचे शब्द पोर्तुगीज ‘जानेला’वरून आलेले आहेत. ‘पडदा’ फारसी आहे. ‘चीक’ तुर्की-फारसी वाटेने आला. मराठीत काचेच्या तुकड्याला आपण ‘तावदान’ म्हणतो. तो फारसी ‘ताबदान’, म्हणजे उजेड येण्याची जागा. तेव्हा घरोघरी काच पोचण्याच्या आधीपासून हा शब्द होता आणि पुढे तो काचेला चिकटला. यातून कोणी असा निष्कर्ष काढू नये की पोर्तुगीज येण्यापूर्वी बंगालमध्ये खिडक्याच नव्हत्या. नवा शब्द बहुधा नव्या घडणीच्या वस्तूबरोबर येतो, एवढेच त्याचे म्हणणे असते.

जाळी आणि चीक

दगडी जाळीविषयी कलेच्या इतिहासात पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून इथे थोडक्यात. अहमदाबादची सिदी सय्यद मशीद (१५७२-७३) किंवा फतेहपूर सीक्री येथील सलीम चिश्ती यांचा दर्गा पाहताना आपण जाळीची नक्षी पाहतो. जाळीचे काम मात्र भौतिक आहे. प्रखर ऊन लहान लहान तुकड्यांत फोडले जाते, वारा थांबत नाही, आणि आत अंधार व बाहेर उजेड असेल तर आतल्या माणसाला बाहेरचे दिसते पण बाहेरच्याला आतले दिसत नाही. सवाई प्रतापसिंहाने १७९९ मध्ये जयपूरला बांधलेला हवामहल याच तत्त्वावर उभा आहे. राजघराण्यातील स्त्रियांनी रस्त्यावरची मिरवणूक पाहावी पण स्वतः दिसू नये, यासाठी त्या असंख्य लहान खिडक्या आहेत. नावात मात्र हवा आहे. नजर अडवणारी वस्तू आणि वारा देणारी वस्तू एकच होती, आणि नाव ठेवताना दोन्हींपैकी कमी वादग्रस्त गुण निवडला गेला असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

जाळी हलवता येत नाही आणि स्वस्तही नाही. सामान्य सुस्थितीतील घरांत तेच काम चीक करीत असे. बांबूच्या बारीक कामट्या दोऱ्याने विणलेला हा पडदा दाराच्या किंवा सज्जाच्या बाहेरच्या बाजूला टांगला जाई, हवा तेव्हा गुंडाळून वर बांधता येई. मराठीत ‘चिकाचा पडदा’ म्हटले की वाड्यातील बैठक आणि तिच्या एका बाजूला पडद्याआड बसलेल्या स्त्रिया डोळ्यांसमोर येतात. उत्तर भारतात त्यालाच ‘चिलमन’ म्हणतात, आणि उर्दू कवितेत चिलमनीने केवढे काम केले आहे हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. इतिहासासाठी महत्त्वाचे एवढे की चीक ही उन्हाची आणि मर्यादेची सोय एकाच दोरीवर टांगत होती. पडद्याआड बसणे हा कुणाचा मान होता आणि कुणावरची सक्ती, हे त्या दोरीवरून कळत नाही.

संध्याकाळी दिवा लागला की हा सारा हिशेब उलटतो. आत उजेड आणि बाहेर अंधार, म्हणजे जाळी आणि चीक दोन्ही निरुपयोगी. आतलेच बाहेरून दिसू लागते. तेलाच्या मंद दिव्यात ही अडचण लहान होती. कोलकात्यात १८९९ मध्ये वीजपुरवठा सुरू झाला, नंतर इतर शहरांत झाला, आणि रात्रीची खोली रस्त्यावरून लखलखीत दिसू लागली. जाड कापडी पडद्याची गरज वाढण्यामागे फॅशनइतकेच हेही कारण मानायला हवे.

वाळा: पाण्याने भिजलेली खिडकी

आता सगळ्यात चतुर आणि सगळ्यात कष्टाचा आडोसा. वाळा, हिंदीत खस, हे नदीकाठी वाढणाऱ्या एका गवताचे सुगंधी मूळ. अबुल फझलच्या ‘आईन-ए-अकबरी’त बांधकामाच्या साहित्याच्या यादीत वाळ्याची नोंद आहे: उन्हाळ्यात याच्या ताट्या करून दारापुढे लावतात, त्यांवर पाणी शिंपडतात, त्यामुळे हवा गार आणि सुगंधी होते. वीट, चुना, लाकूड यांच्या रांगेत वाळा आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अकबराच्या कारभाऱ्यांच्या लेखी गारवा हा इमारतीचाच भाग होता. सतराव्या शतकात दिल्ली पाहणाऱ्या फ्रान्स्वा बर्निए या फ्रेंच वैद्यानेही श्रीमंतांच्या बागेतल्या ‘खसखान्यां’चे वर्णन केले आहे. ते पाण्याच्या हौदाजवळ बांधत, म्हणजे नोकरांना पखालीने पाणी आणून बाहेरून भिजवणे सोपे जाई.

यामागचे शास्त्र सरळ आहे. पाण्याची वाफ होताना ते भोवतालच्या हवेतून उष्णता घेते. एक लिटर पाण्याच्या बाष्पीभवनाला सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता लागते. याचा अर्थ असा की एका ताटीवरून तासाला दहा लिटर पाणी उडाले, तर आदर्श परिस्थितीत ती सुमारे ६.७ किलोवॉट दराने हवा थंड करते. आजच्या भाषेत जवळजवळ दोन टनाचा एअर कंडिशनर. अर्थात यासाठी बाहेरची हवा कोरडी हवी आणि वारा ताटीतून आत यायला हवा. म्हणूनच वाळ्याच्या ताट्या दिल्ली, अलाहाबाद, नागपूर या प्रदेशांत लूच्या दिवसांत उत्तम चालतात आणि पाऊस सुरू झाला की त्यांचा उपयोग संपतो. मुंबई किंवा चेन्नईच्या दमट हवेत त्यांचा सुगंध तेवढा मिळेल.

ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबलोकांनी ही युक्ती जशीच्या तशी उचलली. वारा पडला की ताटी निकामी होते, म्हणून १८३० च्या दशकात त्यांनी तिला एक यंत्र जोडले. ‘थर्मँटिडोट’ असे भारदस्त ग्रीक वळणाचे नाव असलेले हे यंत्र म्हणजे धान्य उफणण्याच्या पंख्यासारखी लाकडी पाती, खिडकीच्या भोकात बसवलेली, भोवती ओल्या वाळ्याच्या ताट्या. अलाहाबादला राहणाऱ्या फॅनी पार्क्स या इंग्रज बाईंनी आपल्या प्रवासवर्णनात त्याचे वर्णन केले आहे. पाती फिरवायला बाहेर माणसे उभी असत. दुसरी माणसे ताट्यांवर पाणी टाकीत. आत पंखा ओढणारा वेगळा.

येथे इतिहासाची साधने आपल्याला थोडी फसवतात. खोलीतल्या गारव्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत, कारण लिहिणारे आत बसलेले होते. ताटीच्या बाहेर, त्याच लूमध्ये, घागर घेऊन उभ्या असलेल्या भिश्तीने काही लिहून ठेवलेले नाही. खिडकीचा गारवा हा कोणाच्या तरी उन्हात उभे राहण्याचा मोबदला होता. तो माणूस नोकरांच्या यादीत आणि पगाराच्या हिशेबात एका ओळीपुरता सापडतो, आणि सामाजिक इतिहासाला त्या ओळीवरूनच काम करावे लागते.

जाता जाता एका शब्दाची हकीकत. हिंदीतील ‘टट्टी’ म्हणजे मुळात बांबूचा किंवा गवताचा आडोसा. आडोशापलीकडे जी क्रिया होई तिला हळूहळू आडोशाचेच नाव पडले, आणि मूळ अर्थ इतका मागे पडला की आज सभ्य संभाषणात ‘खस की टट्टी’ म्हणताना लोक अडखळतात. मराठी ‘ताटी’ या अपघातातून वाचली. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या ताट्या बदलतात, तेव्हा अकबराच्या यादीतलाच तो जिन्नस असतो. भिश्तीच्या जागी विजेचा लहान पंप आहे, एवढाच फरक.

खडखडी: पट्ट्यांची झडप

दमट किनाऱ्यावर प्रश्नच वेगळा होता. तिथे हवेला पाणी देऊन उपयोग नाही. वारा मात्र सतत हवा, आणि तोही पाऊस आत न येता. याचे उत्तर म्हणजे आडव्या तिरप्या पट्ट्यांची लाकडी झडप. या झडपेची जन्मकथा सांगताना प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. इंग्रज तिला व्हेनिसची म्हणतात, खुद्द इटालियन आणि फ्रेंच तिला इराणची म्हणतात (‘पेर्सियाना’, ‘पेर्सियेन’). लंडनमध्ये १७६९ मध्ये व्हेनिशियन पडद्याचे पेटंट घेतले गेले, पण पेटंट म्हणजे शोध नव्हे. हिंदुस्थानातील इंग्रजीत तिला ‘झिलमिल’ म्हणत; १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात हा शब्द चीक आणि टट्टी यांच्यासह नोंदलेला आहे.

बंगालीत ती ‘खडखडी’. मराठी कानाला त्यात पट्ट्यांचा खडखडाट लगेच ऐकू येईल. तिच्या पट्ट्यांना ‘पाखी’, म्हणजे पक्षी, म्हणतात. मधल्या उभ्या दांडीने सगळ्या पट्ट्या एकदम वर-खाली होतात: पक्षी उचलायचे की उजेड आणि रस्ता दिसतो, खाली सोडायचे की खोली मिटते, आणि अर्धे ठेवले तर वारा येतो पण पाऊस पट्टीवरून बाहेरच ओघळतो. पूर्ण पाखा उघडला तर ती साधी खिडकीही होते. एका वस्तूत इतक्या जोडण्या क्वचितच पाहायला मिळतात. उत्तर कोलकात्यातील जुन्या घरांत आणि पुदुच्चेरीच्या फ्रेंच वस्तीत अशा झडपा अजून आहेत, आणि मुंबईतील जुन्या इमारतींतही त्या दिसतात.

खडखडीने घरातल्या स्त्रीला दिलेली नजर जाळीपेक्षा वेगळी होती. जाळी शिल्पकाराने ठरवलेल्या भोकांतूनच पाहू देते. खडखडीत किती पाहायचे आणि किती वेळ, हे दांडी धरणारा हात ठरवतो. सत्यजित राय यांच्या ‘चारुलता’ (१९६४) या चित्रपटाची सुरुवात विद्यार्थ्यांनी या दृष्टीने पाहावी. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या ‘नष्टनीड’ या कथेवर आधारलेल्या या चित्रपटात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सुखवस्तू घरातली चारू दुपारच्या शांततेत लहान दुर्बीण घेऊन एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडे जाते आणि पट्ट्यांतून रस्त्यावरची माणसे पाहते. चित्रपट म्हणजे त्या काळाचा कागदोपत्री पुरावा नव्हे हे खरेच. पण वस्तू वापरात असताना काय करते, हे नुसत्या वास्तुरेखाटनातून कळत नाही.

गोव्याने तिसरी वाट काढली. तिथल्या जुन्या घरांच्या आणि चर्चच्या खिडक्यांत लाकडी चौकटीत चपटे, जवळजवळ पारदर्शक शिंपले बसवलेले असत. प्लाकुना जातीच्या या शिंपल्यातून दुधाळ उजेड आत येतो; झळाळी आणि नजर बाहेर राहते. बाहेरचे पाहायचे असेल तर मात्र पाखा उघडावाच लागतो. पुढे काच सहज मिळू लागली आणि शिंपले मागे पडले.

काचेनंतर

काचेचा मोठा गुण हा की ती उजेड देते आणि धूळ, पाऊस, आवाज अडवते. थंड देशांत ती उष्णता आत कोंडते हा दुसरा गुण. आपल्याकडे नेमका तोच दोष ठरला. साध्या तीन मिलिमीटरच्या स्वच्छ काचेवर पडणाऱ्या सूर्यऊर्जेपैकी सुमारे ८५ टक्के ऊर्जा खोलीत येते. ती फरशी, भिंती आणि पडदा तापवते. तापलेल्या वस्तू जी दीर्घ तरंगांची उष्णता बाहेर टाकतात ती काच पार जाऊ देत नाही. म्हणून काचेच्या आत लावलेला पडदा, तो कितीही जाड असो, ऊन घरात शिरल्यावर त्याला भेटतो. फिकट रंगाचा पडदा त्यातला काही भाग परत फेकतो, बाकीचा खोलीतच राहतो. काचेबाहेर टांगलेली साधी चीक हे काम अधिक चांगले करते, कारण तिने अडवलेली उष्णता बाहेरच्या वाऱ्याबरोबर निघून जाते.

मग आडोसा आत का सरकला? एक कारण म्हणजे मजले वाढले. चौथ्या मजल्यावर बाहेर टांगलेली चीक गुंडाळणार कोण? दुसरे म्हणजे बाहेरची वस्तू पावसाने कुजते आणि आतली टिकते. तिसरे कारण नोकरांचे. भिश्ती आणि पंखेवाला गेले हे चांगलेच झाले, पण त्यांच्याबरोबर खिडकीकडे दिवसातून चार वेळा लक्ष देण्याची रीतही गेली. पुढे १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये जाहीर झालेल्या फ्लोट पद्धतीने मोठ्या सपाट काचा स्वस्त झाल्या. भारतात तिचे उत्पादन १९९० च्या दशकात सुरू झाले, आणि नव्या शहरी इमारतींचे रूप त्यानंतर काचेचे होत गेले.

विसाव्या शतकातील वास्तुरचनाकारांना हे कळत नव्हते असे मुळीच नाही. पुदुच्चेरीच्या श्रीअरविंद आश्रमासाठी अँटोनिन रेमंड यांनी रचलेले गोलकोंड हे निवासगृह (काम १९३७ पासून) प्रबलित काँक्रीटचे आहे, पण त्याच्या दर्शनी भागावर काचेच्या खिडक्या नाहीत. संपूर्ण भिंतच हलवता येणाऱ्या आडव्या पट्ट्यांची आहे. खडखडीचा एवढा मोठा अवतार दुसरीकडे क्वचितच दिसेल. मुंबईतील १९३० च्या दशकातील आर्ट डेको इमारतींनी खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे काढले. ल कॉर्ब्युझिए यांनी अहमदाबादच्या गिरणीमालक संघाच्या इमारतीत (१९५४) पश्चिमेकडे काँक्रीटचे तिरपे उभे पडदे उभारले आणि चंडीगडमध्येही तीच कल्पना मोठ्या प्रमाणावर वापरली. मात्र काँक्रीट दिवसभर तापते आणि संध्याकाळी ती उष्णता सोडत राहते. बांबूच्या कामट्या तसे करीत नाहीत. लॉरी बेकर यांनी केरळमध्ये विटांच्या जाळ्या केल्या, त्यांना काचही लागली नाही आणि पडदाही.

यात दिशेचा भाग फार महत्त्वाचा आहे. दिल्लीत २१ जूनला दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ८५ अंशांवर असतो आणि २१ डिसेंबरला सुमारे ३८ अंशांवर. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर लहानसा छज्जा पुरतो: उन्हाळ्यात सावली आणि थंडीत ऊन, काहीही न हलवता. पश्चिमेला मात्र सूर्य खाली उतरून समोर येतो आणि छज्जा निरुपयोगी ठरतो. तिथे पूर्ण उंचीचा बाहेरचा आडोसाच हवा. एकाच कापडाचे पडदे सगळ्या घराला लावणे म्हणजे ही गोष्ट विसरणे होय.

शासनाच्या नियमांत हा इतिहास अनपेक्षितपणे परत आला आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०१८ च्या ‘इको-निवास संहिते’त घराच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला, थंड हवामानाचे प्रदेश वगळता, दर चौरस मीटरला सरासरी १५ वॉटची मर्यादा घातलेली आहे. हा आकडा काढताना काचेचा प्रकार धरतात, खिडकीची दिशा धरतात, बाहेरचा छज्जा आणि बाजूच्या उभ्या पट्ट्याही धरतात. आतला पडदा त्या हिशेबात येत नाही.

नियम मात्र नव्या बांधकामासाठी आहेत. शहरात भाड्याने राहणाऱ्या माणसाला छज्जा वाढवता येत नाही, आणि इमारतीचे रूप एकसारखे दिसावे म्हणून अनेक गृहनिर्माण संस्था बाहेर चीक टांगू देत नाहीत. उन्हाळ्याचा खर्च मात्र त्याच माणसाच्या वीजबिलात येतो.

स्वाध्याय: आपल्या राहत्या खोलीतील एका पश्चिमेच्या खिडकीची नोंद करा: ती किती रुंद आहे, काच आहे का, आडोसा आत आहे की बाहेर, तो कोण आणि केव्हा उघडते-मिटते. दुपारी चार वाजता पडद्याला आतून हात लावून पाहा. मग घरातील किंवा शेजारच्या सर्वांत वयस्क व्यक्तीला विचारा की त्यांच्या लहानपणी उन्हाळ्यात खिडकीला काय लावत, त्याला तुमच्या भाषेत काय म्हणत, आणि ते भिजवण्याचे किंवा गुंडाळण्याचे काम घरात कोणाकडे होते. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.